तांदळातली लेन्स

शेणवे गावात आमच्या आळीत सकाळी दहाच्या सुमारास एक बाई ओल्या केसांनी दारात येऊन ओरडायची, "तासभर कोणी झाडू मारायचा नाय गो! पाखडायचं नाय, गोधडी झटकायची नाय!" एवढं सांगून ती परत आत जायची आणि न्हाणीचं दार लावून घ्यायची. आळीत नवीन लग्न होऊन आलेल्या सुनांना वाटायचं, बाई फार सोवळ्याची असेल, नाहीतर डोक्याने गेलेली असेल. ती दोन्ही नव्हती. ती न्हाणीत पाटावर बसून कॅमेऱ्याची लेन्स उघडायची.

तिचं नाव कुंदा. माझी शेजारीण. दोन घरांत एकच भिंत. ती वारली त्याला आता पाच महिने झाले. तिच्या कामाची तारीफ करणारे पुष्कळ भेटतील. पण तिचं काम बंद पडलं ते माझ्यामुळे, हे माझ्याखेरीज फार थोड्यांना माहीत आहे. मी चौथीपर्यंत शिकले. मला वळसे घालून लिहिता येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

कुंदाच्या नवऱ्याचा शहापुरात फोटोचा स्टुडिओ होता. पुढे तो फोटो काढायचा, मागच्या खोलीत ही कामं करायची. एकदा पावसात भिजलेली लेन्स त्याने स्वतः उघडली आणि त्याला ती जोडता येईना. सगळे तुकडे टेबलावर तसेच टाकून तो चिडून जेवायला घरी गेला. जेवून आला तर लेन्स जोडलेली. कुंदा मला सांगायची, "मी काय शिकलीवती काय आक्का? त्यानं खोललं तेव्हा मी बघत होते. जसं खोललं तसं उलटं मागं जायचं. घरी वाट चुकल्यावर करतात तसं." नवरा शाबास वगैरे काही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक बिघडलेली लेन्स तिच्यापुढे ठेवली. तीच शाबासकी.

नवरा गेला, मोबाइलमुळे स्टुडिओही चालेना, तेव्हा ती दुकान बंद करून शेणव्याला सासरच्या घरी राहायला आली. एकुलती लेक मनीषा, ती मुरबाडला दिलेली. कुंदा एकटी. पण तिच्या दारात मोटारसायकली लागायच्या. आमच्याकडे पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, पापडाला येते, तशी लेन्सच्या आतल्या काचेलाही येते. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. दिवाळी आली की लग्नाचे फोटो काढणारी मंडळी कपाटातून कॅमेरे काढायची, ते धागे बघायची आणि शेणव्याला धावायची. तुळशीचं लग्न लागलं की त्यांचा धंदा सुरू, त्याच्या आत सगळं स्वच्छ व्हायला हवं.

तिची हत्यारं बघून हसू यायचं. शाळेतल्या कंपासपेटीतलं कर्कटक घासून तिने दोन टोकांची किल्ली केली होती. काच धरून ठेवणारी कडी तिने फिरायची. घट्ट कडी असली तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून सोडवायची. बारीक स्क्रू ठेवायला मिसळणाचा डबा. हळदीच्या वाटीत पहिल्या थराचे, मोहरीच्या वाटीत दुसऱ्या थराचे, जिऱ्याच्या वाटीत तिसऱ्या. काच पुसायला माझं जुनं लुगडं. ते मी वीस वर्षं नेसलेलं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. ती म्हणायची, "दुकानातलं कापड नवऱ्या मुलासारखं असतं, दिसायला बरं, हाताला कडक. तुझ्या लुगड्याला संसार माहीत हाय." मी म्हणाले, "माझं फाटकं लुगडं आणि मुंबईची लेन्स!" तर म्हणाली, "मुंबईची नाय, जपानची. आणि तिला काय कळतंय लुगडं कोणाचं ते!"

न्हाणीतच का, तर तिथे धूळ नाही. आधी अंघोळ करायची, केस ओलेच बांधायचे, जमिनीवर पाणी ओतायचं, मग दार लावून बसायचं. ओल्या जागेत धूळ खाली बसते. वर उडत नाही. काम झालं की लेन्स एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. त्यात नव्या चपलांच्या खोक्यांतून येतात त्या दमटपणा शोषून घेणाऱ्या पुड्या असायच्या. त्या ती तव्यावर कोरड्या करून पुन्हा पुन्हा वापरायची. दोन दिवस लेन्स त्यात राहिली, की तपासून मालकाच्या हातात.

तिला एक खोड होती. आत ठिपका दिसला की ती लगेच पुसायची नाही. "हा कुठला हाय ते कळल्याबिगर पुसायचा नाय," म्हणायची. मुरबाडचा नितीन नावाचा फोटोवाला तिच्याकडे नेहमी यायचा. गोड बोलणारा, घाईतला माणूस. एकदा त्याची लेन्स तिने टॉर्च लावून बघितली आणि विचारलं, "काय रे, कोंबड्यांच्या शेडमधी फोटो काढलेस काय?"

नितीन म्हणाला, "काकू, तुमाला कोणी सांगितलं?"

"ह्या पिसानं सांगितलं."

तो हात जोडून म्हणाला, "आक्काआजी, ह्यांना पोलिसात घ्यायला पायजे होतं."

मी म्हणाले, "पोलिसात घेतलं असतं तर आधी तुलाच पकडलं असतं, दर वेळेला उद्या नेतो म्हणून आठ दिवसांनी येतोस."

असं आमचं चालायचं. मी तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून ती मला आक्का म्हणायची. ती साधीभोळी होती असं मात्र समजू नका. शिष्ट होती. आपल्या बोटांचा तिला गर्व होता. माझ्या हातच्या भाकरीच्या कडा वाकड्या येतात हे ती पाहुण्यांसमोर सांगायची. चहा पातळ करायची. पण काम खोटं केलं, असं कधी झालं नाही. काच साफ होण्यासारखी नसली तर सांगायची, "बुरशीनं काच खाल्लीय. माझ्याकडं इलाज नाय. घेऊन जा."

आता माझं सांगते. गावात माझी ओळख सरळ तोंडावर बोलणारी म्हातारी अशी आहे. भांडण झालं की लोक मला बोलावतात, कारण मी कोणाची भीड ठेवत नाही. मला त्याचा अभिमान होता. दुसऱ्याबद्दल सरळ बोलायला फारसं काही लागत नाही, हे मला पंच्याहत्तरीला आल्यावर कळलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन गेलेली. मनीषाला दिवस भरले होते, मुरबाडहून फोन आला की कळा सुरू झाल्या. कुंदा निघाली. नितीनची मोठी लेन्स तिने आदल्या दिवशीच साफ करून पुड्यांच्या डब्यात ठेवली होती. तो डबा तिने माझ्या हातात दिला. "माझं घर बंद राहिलं का दमट होतं. तुझ्या घरात चूल पेटते, कोरडं असतं. परवा येते मी. उघडू नको हां आक्का."

उघडू नको म्हणाली म्हणूनच उघडला. दुसरं काही कारण नाही. इतकी वर्षं ती दार लावून आत बसते, असं त्यात आहे तरी काय, ते मला बघायचं होतं. ती गेल्यावर संध्याकाळी मी दोन्ही बाजूंची झाकणं काढून डोळा लावला. आमचं अंगण उलटं दिसलं. बाहेरची कडी फिरवली की लेन्सची नळी पुढे यायची, मागे जायची. दोन-चारदा फिरवली आणि डबा बंद करून देव्हाऱ्यात ठेवला. घरात त्याहून सांभाळून ठेवायची जागा नाही, असं मला वाटलं. डब्याचं झाकण दोन्ही बाजूंनी दाबून बसवायचं असतं. मी एका बाजूनेच दाबलं होतं.

सकाळी पूजा करताना तांब्या लवंडला. पाणी डब्यात गेलं.

मी लेन्स बाहेर काढली तर वरून ओली. त्याच वर्षीच्या पावसात माझ्या मुलाचा मोबाइल पाण्यात पडला होता, तो आम्ही तांदळात पुरून ठेवला आणि चालू झाला. आमच्या गावात कोणाचं काहीही भिजलं की तांदळात ठेवतात, घड्याळ असो की रिमोट. मी तेच केलं. पिंपात तांदूळ होता, आदल्याच दिवशी भात भरडून गिरणीतून आणलेला. लेन्सला हवा लागावी म्हणून मी दोन्ही झाकणं काढून ठेवली आणि ती उघडी नळी कोपरापर्यंत हात घालून तांदळात पुरली. तोवर डबा चुलीजवळ वाळत घातला. पुड्या तव्यावर टाकल्या. एक पुडी फाटली, ती मी चुलीत टाकली.

दुपारी लेन्स काढली. तिच्यावर पांढरी पावडर बसली होती. फटीतही दाणे होते. ते पडावेत म्हणून मी कडी फिरवली, पुढे-मागे, पुढे-मागे. आधी करकर वाजली, मग वाजायची थांबली. मला वाटलं झालं. तोंडाने फुंकर मारली, पदराने वरची काच पुसली, ती लखलखीत दिसली. झाकणं लावून लेन्स डब्यात, डबा देव्हाऱ्यात. ह्या वेळेला झाकण दोन्ही बाजूंनी दाबलं.

कुंदा आली त्या दिवशी नितीन आमच्या ओटीवर तासभर बसून होता. त्या रात्री मुरबाडकडच्या एका गावात लग्नाची हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. कुंदा नात झाल्याच्या आनंदात होती, पण डबा हातात घेतल्याबरोबर तिने उघडून पुड्या मोजल्या.

"आक्का, पुड्या सहा होत्या. डबा उघडलावतास काय गो?"

"नाय गो. पाचच होत्या. तू घाईत ठेवल्यास, तुझ्या ध्यानात नसंल."

"असंल," म्हणाली. मग टॉर्च आणायला वळली. टॉर्च लावून बघितल्याशिवाय ती लेन्स देत नसे. मी म्हणाले, "अगो, दे ना त्याला. किती टाइम बसलाय बिचारा. तू काय खराब काम करणारी हायस का?"

नितीननेही हात पुढे केला. "काकू, आर्जंट हाय. तुमचं काम मी कधी बघतो काय?"

तिने दिली.

चार दिवसांनी तो परत आला तेव्हा मोटारसायकल लावायच्या आधीच ओरडत होता. आळीतल्या तीन-चार बायका दारात आल्या. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. नवरी, नवरा, अक्षता, सगळं धुरकट. नवरी जणू कुकरच्या वाफेत बसलेली. नितीन म्हणाला, "पोरीचा बाप मला इचारतो, फोटो काढलेस का पीठ चाळलंस? सगळ्या पाहुण्यांत बोलला काकू! लग्न परत लावणार हायत काय ते?"

पीठ म्हणाला तेव्हा मला माझं तांदळाचं पिंप आठवलं. पण मी चेहरा दगडासारखा ठेवला.

कुंदाने अंघोळ केली नाही, न्हाणीत गेली नाही. तिथेच ओटीवर बसून तिने लेन्स उघडली. आतल्या काचेवर सगळीकडे पांढरं होतं. तिने सुईच्या टोकावर थोडं घेतलं, बोटावर चोळलं, वास घेतला. "ही बुरशी नाय," म्हणाली. "आपल्याकडची धूळपण नाय. तेलकट हाय. कुठलं हाय हे?" नितीनकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आक्का, तू उघडलं नव्हतंस ना?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा मी जे बोलले ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. मी म्हणाले, "मी? मला काय करायचंय तुझ्या नळीशी? उलट मी सांगते, डोळे तपासून घे एकदा. साठी आली तुझी. आता दिसंल तेवढंच दिसंल."

नुसतं नाही म्हणाले असते तर एक खोटं झालं असतं. मी पुढे बोलले. कोणी विचारलं नसताना बोलले.

कुंदा खाली मान घालून लेन्सकडे बघत राहिली. मग नितीनला म्हणाली, "माझ्याच हातून ऱ्हायलं असंल. मी परत साफ करून देते." तो म्हणाला, नको, कल्याणला देतो. आणि सगळे तुकडे पिशवीत भरून घेऊन गेला.

त्यानंतर आठवड्याने ती माझ्या दारात आली. मी एकटीच होते, कोयत्याने भेंड्या चिरत नाहीत तरी मी चिरत होते, कारण विळी धार लावायला दिली होती. ती उंबऱ्यावर बसली आणि हळू म्हणाली, "आक्का, शेवटचं इचारते. रागावणार नाय. नितीनला सांगणार नाय. मला फक्त कळू दे ते आत आलं कुठनं. मला झोप लागत नाय."

ह्याहून सोपं कोणी कोणाला करून देत नाही. मी "हो" म्हणायचं होतं, एवढंच. मी कोयता आपटला आणि म्हणाले, "मला चोर समजतेस काय तू?"

"नाय गो आक्का," ती म्हणाली आणि उठून गेली. पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

ती शहापूरला जाऊन डोळे दाखवून आली. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाई नाही, सगळी कामं करा. तिने त्यातलं मोतीबिंदू एवढंच ऐकलं. मला येऊन सांगितलं, "तू बोललीस ते खरं निघालं गो. बरं झालं बोललीस." मी तिच्या हातात पातळ चहाचा कप दिला. तिच्यासारखा पातळ मी कधी करत नाही. त्या दिवशी दूध ओतताना माझा हात चालला नाही.

फोटोवाले येत राहिले, काही दिवस. ती दारातूनच परत पाठवायची. "डोळे सांगतात साफ हाय, आणि आत घाण असते. मग मी कोणाला इचारून काम करू?" म्हणायची. कर्कटकाची किल्ली, बारीक पेचकस, सगळं तिने शहापुरातल्या एका घड्याळवाल्याला देऊन टाकलं. मिसळणाच्या डब्यात पुन्हा हळद-मोहरी भरली. सकाळी दहा वाजता आळीत कोणी ओरडेनासं झालं. मला केव्हाही झाडू मारता येऊ लागला. त्या भिंतीच्या बाजूला झाडताना झाडूचा आवाज मला फार मोठा वाटायचा.

पुढच्या उन्हाळ्यात मनीषा येऊन तिला मुरबाडला घेऊन गेली. निरोप द्यायला मी आळीच्या टोकापर्यंत गेले. तेव्हाही बोलले नाही. सांगण्यासारखी वेळ नाही, असं मनाला सांगितलं. वेळ नेहमीच अशी असते.

मग दीड वर्ष गेलं. मनीषा एकदा घरातली भांडी न्यायला आली. मी कुंदाचं विचारलं. ती म्हणाली, "मावशी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर बोलतात नजर एकदम स्वच्छ हाय. पण ती सुईत दोरा ओवत नाय. तांदूळ निवडायला दिले तर सूप बाजूला सारते. बोलते, माझ्या नजरेतनं सुटतं, कोणाच्या तोंडात खडा जायचा."

मी त्या दिवशी जेवले नाही. मला वाईट वाटलं असं लिहिणं सोपं आहे. मला स्वतःची किळस आली. मी तिच्या हातून धंदा घेतला होता असं मी समजत होते. मी तिचे डोळे घेतले होते.

दोन दिवसांनी मी एसटीने मुरबाडला गेले. माझं माहेर त्याच बाजूला, सिद्धगडाच्या पायथ्याला, पण म्हातारपणी मी त्या रस्त्याने एकटी कधी गेले नव्हते. कुंदा लेकीच्या घरासमोर ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसली होती. वाल सोलायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. मला बघून तिला आनंद झाला. "आक्का! अगो, फोन तरी करायचास! मने, पाणी आण." मी पाणी घेतलं नाही. बसलेही नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. डबा उघडला ते, तांब्या लवंडला ते, तांदूळ, पदर, फाटलेली पुडी, सगळं. मनीषा पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबली.

कुंदाने वालाची टरफलं झटकली. मला वाटलं आता ओरडेल. तिने विचारलं, "तांदूळ नवा होता का जुना?"

"नवा. आदल्या दिवशी गिरणीतनं आणलेला."

"पॉलिश केलेला?"

"नाय. नुसता भरडलेला."

"म्हंजे कोंडा." ती दोन बोटं एकमेकांवर चोळायला लागली. "म्हणून तेलकट. आणि कडी फिरवलीस?"

"तांदळातनं काढल्यावर. पाच-सहादा."

"नळी पुढं-मागं झाली का हवा आत ओढते. त्यानं कोंडा आत घेतला." तिचा चेहरा उजळला. कोंबडीचं पीस ओळखलं होतं त्या दिवसासारखा. असं दोन-तीन श्वासांपुरतंच राहिलं. मग ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून उतरताना मी बघितलं.

"तीनदा इचारलं तुला मी," ती म्हणाली.

"हो."

"डोळे तपासून घे बोललीस."

"हो."

"सगळ्यांदेखत बोललीस."

मी मान हलवली. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. "मला सांगून काय उपयोग हाय आता? नितीनचं दुकान बाजारपेठेत हाय, इथनं दहा मिनिटं. त्याला जाऊन सांग. मी येणार नाय."

मी गेले. नितीनचं दुकान आता मोठं झालं आहे, काचेचं दार, आत थंड मशीन. त्याने मला आधी ओळखलं नाही. ओळखल्यावर खुर्ची दिली. मी सांगायला लागले तर त्याला कोणतं लग्न ते आठवेना. मी वाफेत बसल्यासारख्या नवरीची आठवण करून दिली, तेव्हा हसला. "अरे हां! ती लेन्स! ती तर मी कधीच भंगारात दिली आजी. आता माझ्याकडे चार हायत. सोडा ओ, जुनी गोष्ट. चहा मागवू?"

मी म्हणाले, "कुंदाची चूक नव्हती. माझी होती. तेवढं नीट ऐकून घे."

"ऐकलं आजी. भेटल्या तर सांगतो काकूंना." त्याचा फोन वाजला आणि तो हाताने एक मिनिट अशी खूण करून बाजूला गेला. मी उठून निघाले.

परत येताना रस्त्यात माझ्या मनात आलं की कुंदाला सांगावं, नितीनला फार वाईट वाटलं, तो तुला भेटायला येणार आहे. तिला बरं वाटेल. इतकं झाल्यावरही माझं डोकं तिकडेच जात होतं.

ती ओट्यावरच होती. "काय बोलला?"

"सोडा म्हणाला. जुनी गोष्ट म्हणाला. लेन्स भंगारात दिली म्हणाला."

"सोडा म्हणाला?"

"हो."

कुंदा हसल्यासारखं करून थांबली. "मी दोन वरीस मनात ती लेन्स उघडत होते गो. भाकरी थापतानापण. कुठं ऱ्हायलं, कुठं ऱ्हायलं." एवढंच बोलली. मग घरात तोंड करून म्हणाली, "मने, तांदळाचं सूप हाय का? आण इकडं."

मनीषाने सूप आणून दिलं आणि ती माझ्याकडे न बघता आत गेली. कुंदाने सूप मांडीवर घेतलं, चष्मा नव्हताच, तांदूळ बोटांनी पसरला आणि निवडायला लागली. एक खडा काढून ओट्याच्या खाली टाकला. थोड्या वेळाने दुसरा. मी उभी होते. ती मला बस म्हणाली नाही. मीही बसले नाही. तिची बोटं पूर्वीसारखी चालत होती, भराभर, एकाही दाण्याला उगाच हात न लावता. माझ्याकडे तिने वर बघितलं नाही, रागानेही नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "पाचला शेवटची गाडी हाय तुझी."

मी पिशवी उचलली. आयुष्यभर कोणाच्याही दारातून निघताना मी येते म्हणत आले. त्या दिवशी मी म्हणाले, "जाते."

असं म्हणू नये, येते म्हण, असं तिने टोकलं नाही.